प्लेटलेट २२ हजार, आणि डॉक्टर विचारतायत पीसीव्ही किती?

जास्वंद | सोमवार, रात्री १०:४०

गणपतीनंतरच्या आठवड्यात माझ्या धाकट्या दिराला डेंग्यू झाला. आता बरा आहे, परवापासून ऑफिसलाही जातोय, त्यामुळे काळजीचं काही नाही. पण त्या दिवसांतली एक गोष्ट डोक्यात अडकलीय ती सुटत नाहीये, म्हणून धागा काढतेय.

घरातल्या सगळ्यांचं लक्ष एकाच आकड्यावर. सकाळी रिपोर्ट आला की नाशिक, सातारा, बंगलोर सगळीकडून मेसेज, आज काऊंट किती? ८८ हजार, मग ५४, मग ३५. पाचव्या दिवशी ताप उतरला, आम्हाला वाटलं सुटलो. आणि सहाव्या दिवशी २२ हजार. सासूबाईंनी देवापाशी दिवा लावला तो विझू दिला नाही, आणि माझा नवरा रक्तपेढीच्या बाकावर जाऊन बसला. डॉक्टर राउंडला आले, २२ हजारावर एक नजर टाकली आणि सिस्टरना विचारलं, पीसीव्ही किती? सकाळपासून लघवी किती झाली? बीपी परत घ्या. प्लेटलेट चढवल्याच नाहीत! सलाइन वाढवलं आणि दर चार तासांनी पीसीव्ही करायला सांगितला. आम्ही जवळजवळ भांडलोच त्यांच्याशी.

मला खरंच समजून घ्यायचंय. डेंग्यूत प्लेटलेट कमी होतात म्हणून माणूस दगावतो ना? मग ते पीसीव्ही कशाला बघत होते? आणि रक्तात नक्की काय काय असतं आणि कुठे काय बिघडतं हे कोणी साध्या भाषेत सांगेल का?


मुठाकाठ | सोमवार, रात्री ११:०५

आमच्याकडे दोघांना झाला होता, दोघांनाही पपईच्या पानांचा रस दिला, काऊंट वाढला. किवी पण आणत होतो रोज. बाकी प्लेटलेट चढवल्या नाहीत हे धाडसच म्हणायचं.


लॅबमधला | मंगळवार, सकाळी ७:५०

मी १९ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, पावसाळ्यात आमच्याकडे जांभळ्या झाकणाच्या ट्यूबांचा ढीग असतो त्यामुळे या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

आधी रक्तात काय असतं ते. ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की दोन थर होतात. वर पिवळसर पाणी, तो प्लाझ्मा, साधारण ५५ टक्के. खाली तांबड्या पेशी, ४५ टक्क्यांच्या आसपास. मधे एक पांढुरका पापुद्रा दिसतो, अगदी दुधावरच्या सायीएवढा पातळ, त्यात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट. खालचा तांबडा थर एकूण रक्ताच्या किती टक्के आहे, तो आकडा म्हणजे पीसीव्ही. पुरुषात ४० ते ५०, बायकांत थोडा कमी.

तांबडी पेशी स्लाइडवर बघाल तर बालुशाहीसारखी दिसते, दोन्ही बाजूंनी मधे खोलगट. ७ ते ८ मायक्रॉनची. आत केंद्रक नाही, काही नाही, नुसतं हिमोग्लोबिन ठासून भरलेलं. आयुष्य १२० दिवस. एका मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात, अशा ५० लाखांच्या घरात पेशी असतात. त्याच थेंबात पांढऱ्या ४ ते ११ हजार आणि प्लेटलेट दीड ते साडेचार लाख. प्लेटलेट ही खरं तर अख्खी पेशीच नाही, अस्थिमज्जेत एक अवाढव्य पेशी असते तिचे तुटून पडलेले तुकडे ते. जगतात ८-१० दिवस.

डेंग्यूची स्लाइड मला लांबून ओळखू येते. पांढऱ्या पेशी दोन-तीन हजारावर आलेल्या असतात, प्लेटलेट पडायच्याही आधी. त्यातल्या काही लिंफोसाइट नेहमीपेक्षा मोठ्या, कडेला निळसर आणि शेजारच्या तांबड्या पेशींना अंग चिकटवून बसलेल्या दिसतात. आणि प्लेटलेट, ज्या एरवी सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या प्रत्येक भागात जांभळ्या रवाळ ठिपक्यांसारख्या विखुरलेल्या असतात, त्या शोधाव्या लागतात.

आता महत्त्वाचं. मशीनचा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. काही लोकांच्या प्लेटलेट जांभळ्या ट्यूबमधल्या, रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या औषधामुळे एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात आणि मशीन तो गठ्ठा प्लेटलेट म्हणून मोजतच नाही. मागच्या वर्षी एक काका आले होते, कुठल्याशा लॅबचा ३८ हजाराचा रिपोर्ट, घरचे रडवेले. ताप नाही, काही नाही. स्लाइडच्या टोकाला बघितलं तर प्लेटलेटचे घोसच्या घोस. निळ्या झाकणाच्या, सायट्रेट हे रक्त न गोठू देणारं दुसरं औषध असलेल्या ट्यूबमध्ये परत रक्त घेतलं, १ लाख ९० हजार. म्हणून काऊंट अचानक कमी आला तर 'स्लाइड बघितली का' हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे, जरूर विचारा.


तांबडी_माती | मंगळवार, सकाळी ९:१५

लॅबमधला, फार छान लिहिलंत. पण मुठाकाठ म्हणतात त्यात तथ्य आहे असं मला वाटतं. माझ्या वडिलांना २०१९ ला डेंग्यू झाला, काऊंट ११ हजार, हिरड्यांतून रक्त येत होतं आणि शौचाला काळं. रात्री दोनला चार पिशव्या प्लेटलेट आणल्या, चढवल्या, आणि ते वाचले. तेव्हा चढवल्या नसत्या तर? त्यामुळे कोणी 'प्लेटलेटची गरज नसते' असं म्हटलं की माझा जीव घाबरा होतो.


डॉ_कोजागिरी | मंगळवार, दुपारी २:३०

तांबडी_माती, तुमच्या वडिलांना चढवल्या ते शंभर टक्के बरोबर होतं. त्यांना रक्तस्राव होत होता. रक्त वाहत असेल तर प्लेटलेट द्यायच्याच. काऊंट १० हजाराच्या खाली गेला तरी पुष्कळ डॉक्टर देतात. प्रश्न आहे तो ज्याला कुठेच रक्तस्राव नाही आणि काऊंट २२ हजार आहे अशा पेशंटचा. मी तालुक्याच्या गावी मेडिसिनची प्रॅक्टिस करते, आणि जास्वंदच्या घरी झाली तशी बोलाचाली माझ्या केबिनमध्ये दर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते.

सगळे पेशी मोजतात. नळीकडे कोणी बघत नाही. डेंग्यूचा खरा घाव नळीवर असतो.

हृदयातून निघणारी महारोहिणी साधारण अडीच सेंटिमीटर रुंद, जाड भिंतीची, तीन थरांची. तिला फाटे फुटत फुटत शेवटी केशवाहिन्या होतात. केशवाहिनीची भिंत म्हणजे पेशींचा फक्त एक थर. एकच! आणि आतली जागा इतकी अरुंद की ७-८ मायक्रॉनची तांबडी पेशी कित्येक ठिकाणी अंग मुडपून, एकामागे एक, अरुंद बोळातून जावं तशी जाते. ही भिंत पातळ असायलाच हवी, कारण ऑक्सिजन, साखर, पाणी सगळं तिच्यातूनच बाहेरच्या पेशींना मिळतं. पण प्लाझ्मातलं प्रथिन मात्र आत राहायला हवं, कारण तेच पाण्याला आत धरून ठेवतं. त्यासाठी भिंतीला आतून साखर-प्रथिनांचा एक बुळबुळीत लेप असतो, ओल्या शेवाळासारखा.

डेंग्यूत विषाणूचं एनएस-वन नावाचं प्रथिन (हो, तीच तुमची एनएस-वन टेस्ट) आणि आपल्याच शरीराने लढताना सोडलेली रसायनं मिळून या लेपाची वाट लावतात, भिंतीतल्या पेशींचे सांधे सैल होतात. मग प्लाझ्मा पाझरायला लागतो. छातीत, पोटात पाणी साठतं. तांबड्या पेशी मोठ्या, त्या आतच राहतात. साबुदाणा चाळणीत निथळत ठेवला की पाणी खाली जातं आणि वर दाटलेला साबुदाणा राहतो, तसं रक्त दाट होत जातं. म्हणून पीसीव्ही चढतो. ४० चा ४८ झाला म्हणजे २० टक्के वाढ, म्हणजे पाझर चांगलाच आहे.

आणि हे कधी होतं? बहुतेक वेळा ताप उतरताना. घरचे म्हणतात ताप गेला, आता घरी सोडा. ते पुढचे २४ ते ४८ तासच जोखमीचे. बीपीचा वरचा आणि खालचा आकडा जवळ येत जातात, १००/८० असं दिसलं की मला बसवत नाही. हातपाय गार पडतात, लघवी कमी होते. हा शॉक, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त न पोचणं, प्लेटलेटच्या पिशवीने सुधारत नाही. नळीतलं पाणी गेलंय, ते बेताबेताने मोजून भरावं लागतं.

प्लेटलेट कमी होतात ते मज्जा काही दिवस मंदावते म्हणून, आणि असलेल्या नष्ट होतात म्हणून. बाहेरून दिलेल्याही तशाच नष्ट होतात, कित्येकदा काही तासांत. विषाणू ओसरला की मज्जा स्वतःहून कामाला लागते.

मुठाकाठ, पपईच्या पानांनी काऊंट थोडा लवकर वाढतो असं काही अभ्यासांत दिसलंय, पण त्याने पाझर थांबतो किंवा शॉक टळतो असं सिद्ध झालेलं नाही. तो कडू रस पिऊन उलट्या करणारे पेशंट मी पाहिलेत, आणि डेंग्यूत उलटी परवडत नाही. त्यापेक्षा ओआरएस, नारळपाणी, पेज द्या. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन अजिबात नको, ॲस्पिरिनची गोळी प्लेटलेटला तिच्या उरलेल्या आयुष्यभरासाठी निकामी करते. मात्र नेहमीचे हार्टचे पेशंट असाल तर डॉक्टरांना विचारून, मनाने बंद करायची नाही.


शिंपले | मंगळवार, दुपारी ३:१०

साबुदाण्याचं उदाहरण आयुष्यभर विसरणार नाही. उपासाच्या दिवशी तर नक्कीच आठवेल :)


वहीतला_मोरपिस | मंगळवार, संध्या. ६:००

मी शाळेत विज्ञान शिकवते. महारोहिणी, केशवाहिनी हे शब्द वाचून बरं वाटलं. पाठ्यपुस्तकात लोहित रक्तकणिका, श्वेत रक्तकणिका, रक्तपट्टिका असं असतं, आणि मुलं घरी ऐकतात प्लेटलेट, काऊंट, शीर, नस. दोन्हींचा सांधा जुळवून दिला नाही तर मुलाला कळतच नाही की आजोबांच्या रिपोर्टमधली प्लेटलेट म्हणजे आपल्या धड्यातली रक्तपट्टिका.

दुसरा गोंधळ म्हणजे रोहिणी शुद्ध रक्ताची, नीला अशुद्ध रक्ताची, असं पाठ करून येतात. खरं म्हणजे हृदयापासून दूर नेते ती रोहिणी आणि हृदयाकडे आणते ती नीला, एवढंच. फुप्फुसाकडून येणाऱ्या नीलेत ऑक्सिजनने भरलेलं रक्त असतं. आणि नीलेतलं रक्त निळं नसतं हो, गडद लाल असतं, कातडीखालून निळं दिसतं इतकंच. दर वर्षी एक तरी मूल विचारतं, मग टोचल्यावर निळं का येत नाही?

वर्गात एक प्रयोग करते तो इथेही सांगते, घरी आजोबा-आजी असतील तर करून बघा. हात खाली सोडून ठेवला की पुढच्या हातावरची शीर फुगते. एका बोटाने ती मनगटाकडे दाबून धरायची, दुसऱ्या बोटाने तिथून कोपराच्या दिशेने रक्त पुढे सारायचं आणि ते वरचं बोट उचलायचं. वरून रक्त परत येत नाही, मधला तुकडा चपटाच राहतो, कारण आत एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. खालचं बोट सोडलं की सर्रकन भरतो. विल्यम हार्वेने १६२८ साली रक्त फिरतं हे मांडलं तेव्हा हाच प्रयोग दाखवला होता. पण रोहिणीतलं रक्त नीलेत जातं कुठून, ते त्याला दिसलं नाही. १६५७ ला तो गेला आणि चार वर्षांनी, १६६१ ला, माल्पिघीला बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या दिसल्या. डॉ_कोजागिरी ज्या भिंतीबद्दल सांगतायत तीच ती. मला हा भाग शिकवताना अजूनही भरून येतं.


मुठाकाठ | मंगळवार, रात्री ९:२०

डॉक्टर, रसाबद्दलचं पटलं, घरी सांगतो. मोरपिस ताई, आत्ता वडिलांच्या हातावर करून बघितला प्रयोग, झाला! आईच्या पोटऱ्यांवरच्या शिरा गाठी-गाठीच्या झाल्यात, ३० वर्षं पोळ्यांची कामं केली उभं राहून. हे त्या झडपांचंच का?


डॉ_कोजागिरी | मंगळवार, रात्री ९:५५

हो, झडपा नीट मिटेनाशा झाल्या की रक्त खाली साठून शिरा फुगतात. पाय वर घेऊन बसणं, चालणं, डॉक्टरांनी मापाने दिलेले घट्ट मोजे, हे करा. एकाच पायाला अचानक सूज आणि दुखणं आलं तर मात्र त्याच दिवशी दाखवा, गुठळी असू शकते.


रानवारा | बुधवार, सकाळी ६:४५

विषय थोडा बाजूला नेतोय, पण पेशी आणि नळी म्हटल्यावर आमच्या गडचिरोलीचं दुखणं सांगितल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही. आमच्याकडे, नंदुरबारकडे, विदर्भातल्या बऱ्याच समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्ताचा आजार आहे. लॅबमधला म्हणाले ती बालुशाही, ती ऑक्सिजन कमी झाला की विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. बोळातून अंग मुडपून जाणारी पेशी जर मुडपूच शकत नसेल तर ती तिथेच अडकते, मागचं सगळं तुंबतं. मग हाडांत कळा. माझी पुतणी ११ वर्षांची आहे, कळ आली की उशी दातात धरते, ओरडत नाही. १२० दिवसांची पेशी तिच्यात १०-२० दिवसांत मोडते, म्हणून हिमोग्लोबिन सातच्या वर जात नाही, आणि लोक म्हणतात पोरीला खायला घालत नाहीत.

हायड्रॉक्सियुरिया सुरू केल्यापासून कळा कमी झाल्यात. २०२३ पासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू आहे, तपासणी होतेय, चांगलं आहे. माझी एकच विनंती, आमच्या भागातल्या मुलामुलींनी लग्नाआधी ही एक रक्ततपासणी करून घ्यावी. दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला हा आजार होण्याची चारात एक शक्यता असते. कुंडली बघतो तेवढ्या आस्थेने हा कागद बघा.


शिंपले | बुधवार, सकाळी ८:३०

रानवारा, पुतणीला खूप आशीर्वाद. उशीचं वाचून पोटात तुटलं.


नदीकाठचा_दाता | बुधवार, दुपारी १:००

रक्तपेढीच्या बाकावरच्या नवऱ्याबद्दल वाचलं आणि मी त्या बाकाच्या पलीकडच्या खुर्चीतून लिहितोय. नेहमीचा एसडीपी डोनर आहे, म्हणजे मशीनवर फक्त प्लेटलेट देणारा दाता. एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, प्लेटलेट पिशवीत जमा होतात आणि बाकीचं सगळं परत अंगात. तासाभराच्या वर लागतो. ओठांना मुंग्या येतात, मशीनमधल्या सायट्रेटमुळे कॅल्शियम थोडं उतरतं म्हणून, ते कॅल्शियमची गोळी देतात, संपलं. पिशवीत जे दिसतं ते लाल नसतंच, हळदीच्या पाण्यासारखं पिवळं असतं, आणि ती पिशवी सतत हलवत ठेवावी लागते, २०-२४ डिग्रीला, आणि पाचच दिवस टिकते. पाच दिवस! म्हणून साठवून ठेवता येत नाही. गरज नसताना घाबरून चढवलेली प्रत्येक पिशवी म्हणजे ल्युकेमियाच्या वॉर्डातल्या एखाद्या पोराच्या वाटची असू शकते. डॉक्टर नको म्हणतायत तेव्हा हेही एक कारण असतं.

आणि ज्यांनी कधी गट नीट तपासला नाही त्यांनी तपासून घ्या. बॉम्बे ब्लड ग्रुप आपल्या मुंबईतच १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. साध्या तपासणीत तो ओ वाटतो, पण त्या माणसाला ओ गटाचं रक्तही चालत नाही.


रात्रपाळी | बुधवार, रात्री ११:४०

सगळं वाचून काढलं कारण आत्ता हॉस्पिटलच्या बाहेर बसलेय. मुलगी ९ वर्षांची, डेंग्यू, आज पाचवा दिवस. संध्याकाळपासून ताप नाही. काऊंट ४१ हजार. मी मगाशी भावाला प्लेटलेटची सोय करायला पिटाळलंय. तिचं पोट दुखतंय म्हणते. मी काय विचारू डॉक्टरांना?


डॉ_कोजागिरी | बुधवार, रात्री ११:४८

ताई, आत्ताच्या आत्ता सिस्टरना सांगा की पोट दुखतंय, आणि ताप उतरल्यावर दुखायला लागलंय. सकाळची वाट बघू नका. हे विचारा: पीसीव्ही पहिल्या दिवशी किती होता आणि आत्ता किती आहे? बीपीचे दोन्ही आकडे काय आहेत? शेवटची लघवी कधी झाली? उलट्या, कुठूनही रक्त, खूप सुस्ती किंवा चिडचिड, हातपाय गार, यातलं काही असेल तर तेही सांगा. भाऊ गेलाय तर जाऊ दे, सोय असलेली बरी. पण डॉक्टर सलाइन मोजून देत असतील तर त्यांच्यावर विश्वास ठेवा.


जास्वंद | गुरुवार, सकाळी ७:१०

रात्रपाळी, रात्रभर तुमचाच विचार येत होता. कळवा.

दरम्यान काल दिराची फाइल काढून बसले. पहिल्या दिवशी पीसीव्ही ४१. सहाव्या दिवशी सकाळी ५०. प्लेटलेटच्या आकड्याला आम्ही पेनाने गोल केलेत रोजच्या रोज, आणि त्याच कागदावर दोन ओळी वर ५० छापलेलं होतं ते कोणाच्याच डोळ्याला दिसलं नाही. बीपी १०४/८२. संध्याकाळी ४६, रात्री ४३. सातव्या दिवशी काऊंट ३१, आठव्या दिवशी ६८, आणि एकही पिशवी न चढवता दहाव्या दिवशी १ लाख २० हजार. आठव्या दिवशी त्याला सारखी लघवी व्हायला लागली तेव्हा डॉक्टरांनी सलाइन बंद केलं, आम्ही परत घाबरलो होतो. ते का?


डॉ_कोजागिरी | गुरुवार, सकाळी ७:४०

कारण भिंत सांधली गेली. बाहेर पाझरलेलं पाणी केशवाहिन्यांत परत यायला लागतं, त्यावर सलाइन चालू ठेवलं तर तेच पाणी फुप्फुसात भरून दम लागतो. सुरू करण्याइतकंच वेळेवर बंद करणं महत्त्वाचं. तुमचे डॉक्टर फार नीट लक्ष ठेवून होते.


जास्वंद | गुरुवार, सकाळी ७:५५

आज जाऊन त्यांना भेटून येते. त्या दिवशी मी बरंच बोलले होते.


रात्रपाळी | गुरुवार, दुपारी १२:२०

पीसीव्ही ३६ चा ४४ झाला होता. सिस्टरना सांगितल्यावर दहा मिनिटांत डॉक्टर आले, पोट तपासलं, सलाइन वाढवलं, रात्रभर दर दोन तासांनी बीपी. पहाटे पाचला तिला भरपूर लघवी झाली, सिस्टर मोजून म्हणाल्या मस्त. आत्ता पीसीव्ही ३९. काऊंट ३३ हजार आहे, भाऊ पिशवी न घेता परत आलाय. ती उठून बसलीय आणि वरणभात मागतेय, वर तूप घाल म्हणाली.